आठ एमएमची कॅराव्हॅन

१२ जानेवारी

स्टील प्लांटमधून निवृत्त झालो तेव्हा दोन कोरी लॉगबुकं घरी आली. कशी आली ते लिहीत नाही. त्यातलं एक आजपासून वापरात घेतलं. छत्तीस वर्षं फॅब्रिकेशन शॉपमध्ये, लोखंडी सांगाडे बनवण्यात काढली, शेवटची बारा फोरमन म्हणून. जे लॉगबुकात नाही ते झालंच नाही, असं पोरांना शिकवत आलो. आता स्वतःला तोच नियम.

आज कॅराव्हॅन आली. रायपूरच्या एका डॉक्टरांनी सात वर्षं वापरलेली. जीपच्या मागे जोडायची, दोन चाकांची खोली. आत दोघांचा बिछाना, छोटा ओटा, बेसिन, घडीचं टेबल. रिसालीच्या आमच्या गल्लीत असली गाडी कोणी पाहिलेली नव्हती. शेजारचा धम्मपाल रेल्वेत लोको पायलट, म्हणजे इंजिन चालवणारा होता, तो दोन फेऱ्या मारून म्हणाला, "केवलभाऊ, इंजन कुठी हाय इचं?" मी जीप दाखवली. तो जीपभोवतीही एक फेरी मारून आला.

गया आत जाऊन बसली. खिडकी उघडून पाहिली, बंद केली, परत उघडली. मग विचारलं, "हे खैरटोल्याले जाईल का?"

"खैरटोल्याले काय, कन्याकुमारीले जाईल."

"मले खैरटोल्यालेच जायचं हाय."

खैरटोला म्हणजे तिचं माहेर, साकोलीजवळ. इथून दीडशे किलोमीटर. तिथे तिच्या थोरल्या बहिणीच्या, तुळसाबाईच्या नातीचं लग्न आहे, चोवीस एप्रिलला. या वेळी दोघं जाणार, दोन दिवस आधी जाणार आणि कोणाच्या घरात गर्दी न करता आपल्याच गाडीत झोपणार, असा शब्द मी दिला आहे. असा शब्द पूर्वीही दिला होता, पण तेव्हा ड्युटी होती.

१५ जानेवारी

कॅराव्हॅनची तपासणी केली. बोटाच्या पेराने सगळीकडे ठोकून पाहिलं. आवाज पोकळ. भिंती फायबरच्या, पत्रा आहे तो एक एमएमचाही नसेल. तळाला लाकडी फळी! असल्या डब्यात बायकोला बसवून मी हायवेला नेणार नाही.

गया म्हणाली, "डॉक्टर सात वर्सं फिरले ना इच्यात?"

डॉक्टरांना लोखंडातलं काय कळतं, हे तिला समजावलं. ती पोहे निवडत होती, मान हलवली. पटलं असावं.

संध्याकाळी भूपेंद्रकडे गेलो. हा माझ्या हाताखाली हेल्पर होता, आता रुआबांध्याकडे स्वतःचं वर्कशॉप आहे. म्हणाला, "सर, आप बस बोलो." चांगला पोरगा आहे. थोडं मजबूत करायचं आहे एवढंच, असं सांगितलं.

४ फेब्रुवारी

तळाला आठ एमएमची प्लेट. खाली आधाराला लोखंडी चॅनल. चारही कोपऱ्यांना अँगल. भिंतींना आणि टपाला चार एमएमची. मागे बंपर म्हणून आय-बीमचा, म्हणजे लोखंडी तुळईचा तुकडा, तो भूपेंद्रकडे पडूनच होता.

भूपेंद्र कुरकुरला. "सर, तळाले चार एमएम बस होते ना. आठ कावून? ये कॅराव्हॅन है सर, ब्लास्ट फर्नेस नाही." आणि स्वतःच हसला. मी हसलो नाही. माझ्या शॉपमधून गेलेलं एकही स्ट्रक्चर छत्तीस वर्षांत परत आलं नाही, याची त्याला आठवण करून दिली. तो म्हणाला, "परत कोण आणणार सर, उचलायलाच दोन क्रेन लागत होत्या." ही त्याच्या परीने स्तुतीच.

१९ फेब्रुवारी

काम पूर्ण. आता ठोकलं की कसा भरीव आवाज येतो! बंपरला काळे-पिवळे पट्टे मारले.

दामिनीला पुण्याला फोटो पाठवले. पोरीचा लगेच फोन. "बाबा, तुमी ना, कमाल करते हो. टँक बना दिया पूरा." बरं वाटलं. मग म्हणाली आईला दे. मायलेकी बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. बायकांची बोलणी.

गयाने सिविक सेंटरच्या बाजारातून पडदे आणले, निळे, बारीक फुलांचे. मी आग न पकडणारं कापड सांगितलं होतं. ते मिळालं नाही म्हणे.

५ मार्च

कॅलेंडरच्या मागे गॅसचं पुस्तक शोधताना रेल्वेचं तिकीट सापडलं. दुर्ग ते गोंदिया, बावीस एप्रिल, सकाळची गाडी. प्रवासी एक. स्त्री, वय सत्तावन्न.

गया हल्ली विसरभोळी झाली आहे. एक तर आपण कॅराव्हॅनने जाणार हे विसरली, आणि काढलंच तर माझं काढायला विसरली. तिकिटांची कामं धम्मपाल करतो, म्हणून त्याला गाठून विचारलं. तो चपलेच्या अंगठ्याकडे पाहत म्हणाला, "वहिनीनं सांगतलं, मी काढून देल्लं." लोको पायलट लोकांना सरळ रुळावर बघायची सवय, कुणाच्या तोंडाकडे बघून बोलणं त्यांना जमत नाही.

तिकीट होतं तिथे ठेवलं. विषय काढला तर तिलाच लाजल्यासारखं होईल.

१६ मार्च

ऊन तापायला लागलं. आज एक प्रयोग आपोआप झाला. गयाने कॅराव्हॅनच्या टपावर धुतलेली चादर पसरून कुरड्या घातल्या, आणि दुपारपर्यंत त्या खडखडीत वाळल्या. ही बातमी गल्लीत पसरली. चार वाजता टपावर तीन घरांचे पापड होते आणि धम्मपालची बायको सिंधुताई शिडीवर उभी राहून म्हणत होती, "भाऊजी, काय झकास तवा बनवला जी तुमी!"

आत थर्मामीटर ठेवला होता. सेहेचाळीस. डिझाइनमध्ये हवेचा विचार राहून गेला, हे प्रांजळपणे नोंदवतो. खैरटोल्याला झाडाखाली लावू.

गया म्हणाली, "चला, कामात त आली."

३० मार्च

मागे घेण्याचा सराव. नोंद सविस्तर करतो, कारण दोष माझा नव्हता.

जीप पुढे, कॅराव्हॅन मागे. गल्लीतून आमच्या फाटकात मागे घालायची. प्लांटमध्ये क्रेनचा एक नियम असतो. सिग्नल देणारा एकच, आणि क्रेनवाल्याने त्याचंच ऐकायचं. दहा जण ओरडले की माल कुणाच्या तरी पायावर येतो. त्यानुसार सिग्नलमन म्हणून धम्मपालची नेमणूक केली. तेव्हा लक्षात आलं नाही की या माणसाने आयुष्यात स्टिअरिंग फिरवलेलंच नाही. तो हिरवा रुमाल घेऊन उभा राहिला आणि मी जिकडे जात होतो तिकडेच जा म्हणून हलवत राहिला.

कॅराव्हॅन डावीकडे न्यायची म्हणून मी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं, ती उजवीकडे गेली. जास्त फिरवलं, जास्त गेली. आमच्याच फाटकाचा खांब पडला. कॅराव्हॅनला ओरखडाही नाही. प्लेट चांगली बसली आहे.

गया घरापुढच्या ओट्यावरून ओरडत होती, "मांगं डावीकडं पायजे ना, त बैल उजवीकडं दाबा!" लहानपणी तिने बापाची बंडी हाकली आहे, धान भरून. पण ही बैलबंडी नाही, हे तिला सांगितलं आणि सिग्नल एकाचाच असतो हेही सांगितलं. ती आत निघून गेली. भाजी लागली होती वाटतं.

६ एप्रिल

ट्रायल रन. जायचं होतं राजनांदगावपर्यंत. गेलो ओव्हरब्रिजच्या अर्ध्यापर्यंत.

चढावर जीप पहिल्या गिअरमध्ये आली, मग थांबली, मग आपोआप मागे यायला लागली. मी ब्रेकवर उभा राहिलो. मागे एक बस, दोन ट्रक आणि एक लग्नाची वरात. वरातीतल्या पोरांनी बाजा थांबवला आणि ढकलायला आले. बारा जण होते. कॅराव्हॅन हलली नाही. मग त्यांनी कॅराव्हॅन सुटी करून जीप पुढे नेली आणि शेवटी एका ट्रकवाल्याने दोर बांधून कॅराव्हॅन वर ओढून घेतली. नवरदेवाने घोड्यावरूनच विचारलं, "अंकल, अंदर क्या है?" मी म्हणालो, काही नाही. ते खरंच होतं.

येताना वजनकाट्यावर घातली. डॉक्टरांकडून आली तेव्हा कागदावर सातशे ऐंशी किलो होती. आज दोन हजार तीनशे दहा.

गया शेजारी बसली होती. आकडा तिनेही पाहिला.

७ एप्रिल

विशेष नोंद नाही.

९ एप्रिल

सकाळी पाहिलं तर गयाची पिशवी भरून तयार. लग्नाला अजून पंधरा दिवस आहेत. मला वाटलं, उत्साह. मग पाहिलं की आत फक्त तिची लुगडी होती. माझा एकही सदरा नाही.

विचारलं, "माझे कपडे?"

ती चहा गाळत होती. गाळतच राहिली. मग बोलली. रागाने नाही, किराण्याची यादी सांगावी तसं.

"भावाच्या लग्नात तुमची बी-शिफ्ट होती. माय गेली तवा प्लांटमंदी शटडाउन. तुळसाबाईच्या पोराच्या लग्नात आले, जेवले, अन् तेच गाडीनं वापस. छत्तीस वर्सं मले समदे इचारतेत, जावई कुठी हायेत? मी सांगते, ड्युटीवर. आता ड्युटी नाही राहिली. आता काय सांगू? प्लेट बसवून राहिले म्हणून?"

कपबशी माझ्यापुढे ठेवली. साखर बरोबर होती.

मला ते तिकीट आठवलं. प्रवासी एक.

लॉगबुकात असलं लिहीत नाहीत. तरी लिहितो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मी तिला जपायला म्हणून हे सगळं करत होतो, आणि ती या सगळ्यात कधी नव्हतीच, असं काहीसं. नीट मांडता येत नाही.

१० एप्रिल

भूपेंद्रला सांगितलं, काप. त्याला इतका आनंद झालेला मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. "कहाँ से शुरू करूँ, सर?" मला दाखवता येईना. हात वर जायचा आणि खाली यायचा.

बारा वाजता गया डबा घेऊन वर्कशॉपमध्ये आली. आजवर ती माझ्या कामाच्या जागी कधी आली नव्हती, मी येऊ दिलं नव्हतं. पदर खोचून कॅराव्हॅनभोवती फिरली.

"हे काय हाय?"

"बंपर. मागून कोणी धडकलं तर."

"कोण धडकते आमाले? काढा."

"हे कोपऱ्याचे अँगल, उलटली तर..."

"उलटवणार हाय का तुमी? काढा."

तळाच्या प्लेटसाठी मी विनंती केली. ती वाकली, माझ्यासारखंच बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं आणि म्हणाली, "खाली डॉक्टरांची फळी हाय ना?" आहे म्हणालो. तिने भूपेंद्रकडे पाहिलं. त्याने गॅस कटर पेटवला.

मग तिथेच, प्लेटांच्या ढिगावर बसून आम्ही भाकर आणि वांग्याची भाजी खाल्ली. भूपेंद्रलाही वाढली.

१३ एप्रिल

कापायला तीन दिवस लागले. भूपेंद्र म्हणतो, इतकं चिवट वेल्डिंग त्याने जन्मात कापलं नाही. निदान ते तरी चांगलं झालं होतं.

१७ एप्रिल

वजन आठशे वीस. टपावर थोडी प्लेट राहू दिली, गयाच्याच सांगण्यावरून. कुरड्यांसाठी.

ओव्हरब्रिज तिसऱ्या गिअरमध्ये पार. मागच्या सीटवरून धम्मपालने टाळ्या वाजवल्या. एकच दोष निघाला. चॅनल काढल्यापासून आतलं घडीचं टेबल एका पायावर डुगडुगतं. दुरुस्त करायचं राहून गेलं.

गयाच्या पिशवीशेजारी माझी पिशवी दिसली. मी भरली नव्हती.

२२ एप्रिल, खैरटोला

पोचलो. सविस्तर लिहितो.

साडेसहाला निघालो. धम्मपाल, सिंधुताई आणि गल्लीतली निम्मी मंडळी निरोपाला. धम्मपालने हिरवा रुमाल दाखवला, या वेळी योग्य वेळी. राजनांदगाव मागे पडलं. गया खिडकीबाहेर पाहत होती, पण मधून मधून तिचा हात पर्सवर जायचा. मी म्हटलं पैसे सांभाळते आहे.

देवरीच्या पुढे झाडाखाली थांबून कॅराव्हॅनमध्ये चहा केला. आमच्या घरात, चाकांवरच्या, पहिला चहा! पण टेबल डुगडुगलं आणि माझा निम्मा चहा बशीत आला. गयाने घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजत आले होते, तिची ती गाडी दुर्गहून सुटून गेली असणार. तिने पर्समधून तिकीट काढलं, चार घड्या घातल्या, वाकून टेबलाच्या पायाखाली सरकवलं आणि टेबल हलवून पाहिलं.

"आता पिवा," म्हणाली.

पक्कं बसलं होतं. पॅकिंग म्हणून कागद चालतो, जाडी बरोबर हवी. दुसरा चहा शेवटपर्यंत सांडला नाही.

दुपारी खैरटोला. तुळसाबाईचं घर गल्लीच्या टोकाला. अंगणात मांडव घालून झालेला, आणि कॅराव्हॅनसाठी जागा एकच, शेजारचं मोकळं खळं. त्यात मागे घेऊनच शिरायचं. एका बाजूला मांडवाचे खांब, दुसऱ्या बाजूला तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा ढीग. सगळं गाव बघायला.

पहिल्या वेळी तणसात गेलो. दुसऱ्या वेळी मांडवाच्या खांबापासून हातभर अंतरावर थांबलो आणि आतून बायका ओरडल्या. तुळसाबाईचा मुलगा प्रफुल्ल "दाएँ, मौसाजी, दाएँ" म्हणत होता, कोणी "सोडा, सोडा" म्हणत होतं, एक म्हातारा काठी हलवत होता, ती कशासाठी ते कळलं नाही.

मी हँडब्रेक ओढला, खाली उतरलो आणि शॉपमध्ये लावायचो तसा आवाज लावला. "सिग्नल एकाचाच! कोण देणार?"

म्हाताऱ्याची काठी खाली आली.

गयाने पदर खोचला आणि खळ्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. "मी."

मी जाऊन बसलो. आरशात तीच दिसत होती. "बैल उजवीकडं!" मी उजवीकडे फिरवलं, आणि कॅराव्हॅन डावीकडे निघाली, शहाण्यासारखी. "आता ढिलं सोडा. सरळ. येऊ द्या, येऊ द्या. डावीकडं थोडकसं. हो... हो... होऽ!" 'हो' म्हणजे थांब, हे बैलांनाही कळतं, मलाही कळलं. उतरून पाहिलं. मागच्या भिंतीपासून टीचभर अंतर. आमच्या शॉपच्या चांगल्या सिग्नलमनलाही एका दमात जमलं नसतं.

गाडी लावली की तपासणी, ही सवय. माणसं गयाभोवती गोळा झाली तोवर मी पाना घेऊन खाली शिरलो. जोडणीचे बोल्ट पाहिले, एक ढिला होता. तिथून फक्त पायच दिसतात. गयाची नवी चप्पल ओळखली. तिच्यासमोर दोन म्हातारे पाय येऊन थांबले, चांदीचे जाड तोडे घातलेले, तिच्या मामीचे.

"गया, आली का वं बाई? अन् जावई कुठी हायेत? ड्युटीवर?"

मी तो बोल्ट आवळला, पूर्ण तीन फेरे.

"नाही वं मामी," ती म्हणाली. "थे काय, गाडीखाली."

आणि तिने वाकून मला हाक मारली. मी बाहेर आलो. हात काळे होते, तरी मामीच्या पाया पडलो. गयाने पदराच्या टोकाने माझ्या कपाळावरचं ग्रीस पुसलं, सगळ्यांसमोर, आणि बराच वेळ पुसत होती.

नोंद : रस्त्याला धूळ फार. मामीशी बोलताना गयाचा आवाज बसला होता. परतीला पाण्याची बाटली तिच्या हाताशी ठेवावी.